पॉयझन आयव्ही: ओळखायची कशी, अंगाला लागली तर करायचे काय

पॉयझन आयव्ही ही मूळची उत्तर अमेरिकेची, अंगाला लागली तर खाज आणि फोड उठवणारी वनस्पती. रॉकी पर्वतांच्या पूर्वेला, कॅनडाच्या दक्षिण भागापासून थेट टेक्सास-फ्लोरिडापर्यंत ती सर्रास उगवते. घनदाट जंगलापेक्षा तिला जंगलाची कड मानवते, आणि माणसांचा वावर असतो तो नेमका तिथेच: बॅकयार्डचे कुंपण, ट्रेलच्या (रानातल्या पायवाटेच्या) दोन्ही बाजू, पार्किंगमागची झुडपे, नदी-कालव्याचे काठ, समुद्रकाठचे वाळूचे उंचवटे. न्यू जर्सीत सँडी हूकच्या किनाऱ्यावर तिची दाट रानेच्या राने आहेत. पक्षी तिची फळे खातात आणि बी कुंपणाखाली, झाडाखाली टाकतात. म्हणून कोणी न लावताही ती नव्या घराच्या अंगणात सापडते.

हा लेख अमेरिकेत किंवा कॅनडात नव्याने राहायला आलेल्यांसाठी आणि उन्हाळ्यात मुलांकडे राहायला येणाऱ्या आई-वडिलांसाठी आहे. भारतात ही वेल पाहिलेली नसते, त्यामुळे तिला हात लावताना मनात शंकाही येत नाही.

त्रास कशाने होतो

त्रास होतो तो तिच्या चिकातल्या तेलाने. या तेलाचे नाव उरुशिऑल. पाने, खोड, मुळे, फळे, सगळ्यांत ते असते. पाने गळून गेलेल्या हिवाळ्यातल्या काडीतही असते आणि उपटून वाळलेल्या वेलीतही असते. ते दिसत नाही, त्याला वास नाही, आणि हाताला लागले तरी त्या क्षणी काही जाणवत नाही. पुढे सांगितलेली प्रत्येक गोष्ट या एका तेलाभोवती फिरते: ते कुठे आहे, कुठे लागले, आणि किती लवकर निघाले.

ही वेल आंबा, काजू आणि बिब्याच्या कुळातली आहे. बिबा उतल्यावर अंगावर जे फोड येतात, आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागून जे चट्टे उठतात, ओले काजू सोलताना बोटांची जी सालपटे निघतात, त्यांमागची रसायने उरुशिऑलची सख्खी भावंडे आहेत. म्हणून बिबा किंवा आंब्याचा चीक ज्यांना पूर्वी बाधला आहे, त्यांचे शरीर पॉयझन आयव्हीला आधीच संवेदनशील झालेले असू शकते. अशांना अमेरिकेतल्या पहिल्याच संपर्कात जोरदार पुरळ येऊ शकते. याच्या उलटही घडते. पॉयझन आयव्ही एकदा अंगावर उठली की पुढे आंब्याच्या सालीनेही ओठ सुजू शकतात. अशा माणसाने आंबा चोखून खाऊ नये. फळ नीट धुऊन, साल दुसऱ्या कोणाकडून काढून घेऊन फोडी खाव्यात. गराचा त्रास सहसा होत नाही.

आणि ‘मला काही होत नाही’ हा समज फार घातक आहे. ही ॲलर्जी आहे, आणि ॲलर्जी तयार व्हायला आधी एकदा ओळख व्हावी लागते. ज्याचा या तेलाशी किंवा त्याच्या भावंडांशी कधीच संबंध आला नाही, त्याला पहिल्या वेळी काहीच होत नाही, किंवा दोन-तीन आठवड्यांनी पुरळ उठते आणि तोवर त्या दिवशीचा ट्रेल विसरलेला असतो. दुसऱ्या वेळी मात्र तेच पुरळ साधारण १२ ते ४८ तासांत येते. एखाद्या माणसाने पाच वर्षे बिनधास्त हाताने वेल उपटली आणि सहाव्या वर्षी डोळे सुजून बंद झाले, असे होऊ शकते. बहुसंख्य प्रौढांना हे तेल बाधते. आपण उरलेल्यांपैकी आहोत असे गृहीत धरू नका.

ओळख: चार खुणा एकत्र बघा

पळसाला पाने तीनच, तशी हिलाही तीनच. पण तीन पानांच्या वनस्पती शेकडो आहेत, त्यामुळे तेवढ्यावर निकाल देऊ नका. या चार खुणा एकत्र जुळल्या पाहिजेत.

पहिली: एका देठावर तीन पर्णिका (ज्यांना आपण तीन पाने म्हणतो ते खरे तर एकाच पानाचे तीन भाग), आणि मधल्या पर्णिकेचा देठ लांब. बाजूच्या दोन पर्णिका जवळपास चिकटलेल्या असतात आणि मधली मात्र अर्धा-एक इंच पुढे आलेली असते. ही सगळ्यांत भरवशाची खूण आहे.

दुसरी: बाजूच्या दोन पर्णिका बेढब असतात. बाहेरचा अर्धा भाग रुंद, आतला अरुंद. बाहेरच्या बाजूला पुष्कळदा एकच खाच असते आणि त्यामुळे तिथे अंगठ्यासारखा भाग दिसतो. मधली पर्णिका दोन्ही बाजूंनी बरीचशी सारखी असते.

तिसरी: फांदीवर तीन-तीन पर्णिकांची अख्खी पाने एकाआड एक येतात, एक डावीकडे, पुढचे थोडे वर उजवीकडे. अशी अख्खी पाने समोरासमोर जोडीने दिसली तर ती पॉयझन आयव्ही नाही.

चौथी: काटे कधीच नसतात.

पानांच्या कडांवर आणि चकाकीवर विसंबू नका. एकाच वेलीवर गुळगुळीत कडेची, दातेरी आणि खोल खाचांची पाने सापडतात. सावलीतले पान चकचकीत असेल, उन्हातले अगदी निस्तेज. आकारही फसवा. पर्णिका दोन इंचांची असेल किंवा सहा इंचांची. जमिनीवर वीतभर रोपांचा गालिचा, कमरेएवढे झुडूप, आणि ओकच्या झाडावर पन्नास फूट चढलेली वेल, ही तिन्ही रूपे एकाच वनस्पतीची असतात.

ऋतूंप्रमाणे रंग बदलतो. एप्रिल-मेमध्ये कोवळी पाने तांबूस, चकचकीत आणि किंचित झुकलेली असतात. जून ते ऑगस्ट हिरवी. सप्टेंबरपासून पिवळी, नारिंगी, लालभडक, आणि आजूबाजूच्या झाडांच्या आधीच. मुले शाळेच्या प्रकल्पासाठी रंगीत पाने गोळा करतात तेव्हा सगळ्यांत सुंदर लाल पान हेच असते, हे लक्षात असू द्या. गणपतीच्या पत्रीसाठी परसातून वा ट्रेलवरून अनोळखी पाने खुडण्याची सवयही इथे सोडावी. तीन पानांचा डहाळा बेलासारखा वाटला तर आधी वरच्या चार खुणा तपासा.

हिवाळ्यात पाने नसतात तेव्हा झाडाच्या खोडाकडे बघा. पॉयझन आयव्हीची जुनी वेल खोडावर चढताना असंख्य बारीक तपकिरी-काळ्या मुळांनी चिकटते, त्यामुळे ती केसाळ दोरखंडासारखी दिसते. ती मनगटाएवढी जाड होऊ शकते. खोडावर केसाळ दोर दिसला की त्याला टेकू नका, त्याला धरून चढू नका, आणि ते लाकूड जाळायला नेऊ नका. याच काळात फांद्यांवर पांढुरक्या, वाटाण्याहून लहान फळांचे घोस टिकून राहतात.

तरीही शंका उरलीच, तर एक सोपी परीक्षा आहे. हातमोजे घाला, पांढरा कागद दुमडून एक पान आत धरा आणि दगडाने ठेचा. हात लावून पान चुरगाळू नका. चीक हवेने काळा पडतो, आणि पाच-दहा मिनिटांत कागदावरचा डाग तपकिरी होत होत काळा झाला तर संशय खरा. कागद आणि मोजे पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.

फसवणारी भावंडे आणि खरी भावंडे

सर्वांत जास्त गोंधळ व्हर्जिनिया क्रीपरचा होतो. तिला पाच पर्णिका असतात, पण कोवळ्या फुटव्यावर कधी तीनच दिसतात. तीच वेल थोडी वर न्याहाळा, पाचाचे पान सापडेल. ती भिंतीला छोट्या गोल चकत्यांनी चिकटते आणि फळे निळसर-काळी असतात. बॉक्स एल्डर या मेपलची रोपे तर हुबेहूब दिसतात, पण त्यांची पाने समोरासमोर येतात. रासबेरी-ब्लॅकबेरीला काटे असतात, आणि रासबेरीच्या पानाची खालची बाजू पांढुरकी असते.

पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे कॅलिफोर्निया, ओरेगन आणि वॉशिंग्टनमध्ये, जागा बदलते पण तेल तेच राहते. तिथे पॉयझन ओक असते. तिलाही तीनच पर्णिका, पण ओकच्या पानासारख्या गोलसर खाचांच्या. बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) टेकड्यांवरच्या ट्रेलवर ती झुडूप म्हणूनही असते आणि झाडावर चढलेलीही असते. तिसरी पॉयझन सुमॅक. ही पूर्वेकडच्या दलदलीच्या जागी वाढते, हिला एका देठावर ७ ते १३ पर्णिका, कडा सलग आणि देठ लालसर. पाण्यात उभे राहावे लागेल अशा जागी गेल्याशिवाय सहसा भेट होत नाही. तिघींची बाधा आणि उपाय एकच, म्हणून पुढे सगळीकडे पॉयझन आयव्हीच लिहिले आहे.

लागली असे वाटले तर: पहिला तास

तेल कातडीत काही मिनिटांतच मुरायला लागते. पहिल्या दहा मिनिटांत धुतले तर त्याचा मोठा भाग निघतो. अर्ध्या तासाने फारच थोडा निघतो. तरीही उशीर झाला म्हणून धुणे सोडू नका, कारण उरलेले तेल तोंडाला, डोळ्यांना, दुसऱ्या माणसाला लागणे त्याने थांबते.

ट्रेलवर असाल तर बाटलीतले सगळे पाणी त्या जागेवर ओता, साबण नसला तरी. रबिंग अल्कोहोल (फार्मसीत मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल) जवळ असेल तर भरपूर ओतून लगेच पाण्याने धुवा. एका छोट्या ओल्या वाइपने मात्र पुसत बसू नका, त्याने एका जागेचे तेल हातभर पसरते. अल्कोहोलने कातडीचे स्वतःचे तेलही जाते, त्यामुळे त्यानंतर त्या दिवशी पुन्हा झुडपांत शिरू नका.

घरी आल्यावर भांडी घासायचा द्रव साबण घ्या. त्याचे कामच तेल काढणे आहे, आणि तेलकट कढई जशी घासल्याशिवाय सुटत नाही तसेच इथेही आहे. नुसता फेस लावून पाणी ओतले तर उपयोग नाही. जुन्या कपड्याच्या तुकड्यावर साबण घ्या, जागा घासा, थंड किंवा कोमट वाहत्या पाण्याखाली पूर्ण धुवा. हे तीन वेळा करा. प्रत्येक वेळी साबण वाळायच्या आत धुऊन टाका, वाळला तर तेल तिथेच राहते. नखांखाली ब्रश फिरवा. नखांतले तेल विसरले तर तेच नंतर डोळ्यांपर्यंत पोचते. वापरलेला कपडा फेकून द्या.

टबमध्ये बसून अंघोळ करू नका, शॉवरखाली उभे राहा. आणि अंगाला खोबरेल किंवा कुठलेही तेल चोळू नका. उरुशिऑल तेलात सहज मिसळते आणि तळहाताएवढ्या जागेवरचे सगळ्या हातावर पसरते. दुकानांत टेक्नू आणि झॅनफेल अशी खास धुण्याची औषधे मिळतात. जे वारंवार रानात जातात त्यांनी टेक्नूची बाटली गाडीत ठेवावी, ते खरेच काम करते. पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत टेक्नू, मेकॅनिक लोक हाताचे ग्रीस काढायला वापरतात तो क्लीनर आणि साधा डिश सोप यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नव्हता. औषध आणायला दुकानात जाण्यात अर्धा तास घालवण्यापेक्षा घरातल्या साबणाने लगेच घासणे केव्हाही चांगले.

वस्तू: दुसऱ्या आठवड्याचे पुरळ इथून येते

पुरळ बरे होत आले आणि पुन्हा नवे उठले, तर बहुतेक वेळा दोष बुटांच्या नाड्यांचा असतो. धातू, प्लॅस्टिक, चामडे, कापड यांच्यावर हे तेल महिनोन्‌महिने, कोरड्या जागी तर वर्षानुवर्षे टिकते. मागच्या वर्षीच्या हातमोज्यांनीही बाधा होऊ शकते.

कपडे उतरवतानाच हातमोजे घाला आणि उलटे गुंडाळून थेट मशीनमध्ये टाका. सोफ्यावर किंवा धुण्याच्या ढिगाऱ्यात ठेवू नका. घरातल्या इतर कपड्यांपासून वेगळे, गरम पाण्यात, भरपूर डिटर्जंट घालून धुवा. मशीन गच्च भरू नका. बूट, नाड्या, कात्री, फावडे, घड्याळाचा पट्टा, चष्मा, फोन, सॅकचे पट्टे, गाडीचे स्टिअरिंग आणि दाराची मूठ यांची यादी करा आणि प्रत्येक वस्तू रबिंग अल्कोहोलने किंवा साबणाच्या पाण्याने पुसा. फोन हमखास विसरला जातो, आणि तो थेट गालाला लागतो.

कुत्रा झुडपांत शिरला असेल तर त्याला स्वतःला बहुधा काही होत नाही, पण तेल त्याच्या केसांवर असते. मोजे घालून कुत्र्याच्या शाम्पूने त्याला धुवा, पट्टा आणि दोरीही. क्रिकेटचा चेंडू झुडपांतून काढून आणलात तर तोही धुवा.

पुरळ कसे येते, किती टिकते

आधी खाज, मग लाल चट्टे, मग पाण्याने भरलेले फोड. पान घासून गेले असेल तिथे फोड सरळ रेघेत उठतात, आणि ही रेघ डास किंवा ढेकणाच्या चाव्यापासून वेगळे ओळखायला उपयोगी पडते. सगळा प्रकार एक ते तीन आठवडे चालतो. सर्वाधिक त्रास साधारण पहिल्या आठवड्यात होतो.

‘पुरळ पसरते आहे’ असे जे दिसते ते बहुतेक वेळा पसरणे नसते. मनगट, बोटांच्या बेचक्या, पापण्या इथली कातडी पातळ असते, तिथे आधी उठते. जाड कातडीवर आणि कमी तेल लागलेल्या जागी दोन-चार दिवसांनी उठते. फोडातल्या पाण्यात तेल नसते. फोड फुटून पाणी लागले म्हणून पुरळ दुसऱ्या जागी जात नाही आणि दुसऱ्या माणसालाही लागत नाही. अंग नीट धुऊन झाल्यावर मुलाला जवळ घ्यायला, एका बिछान्यात झोपायला काहीच हरकत नाही. नवे चट्टे आठवडाभरानंतरही येतच राहिले, तर मात्र न धुतलेली वस्तू शोधा.

घरचा उपचार

पुरळ आपोआप बरे होते. उपचार असतो तो खाज सहन व्हावी आणि जखम चिघळू नये म्हणून.

थंड पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ कपडा १५ ते ३० मिनिटे जागेवर ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. याच्याइतका झटपट आराम दुसऱ्या कशाने मिळत नाही. त्यानंतर कॅलामाइन लोशन लावा. पुरळ बऱ्याच अंगावर असेल तर कोमट पाण्याच्या टबमध्ये कोलॉइडल ओटमीलचे (अगदी बारीक दळलेल्या ओटच्या पिठाचे) पाकीट टाकून १५-२० मिनिटे बसा. (तेल धुतले गेल्यावर टबची मनाई संपते.) फोडांतून पाणी वाहत असेल तर फार्मसीत मिळणारी ॲल्युमिनियम ॲसिटेटची पूड पाण्यात मिसळून त्याच्या पट्ट्या ठेवा, फोड लवकर कोरडे पडतात. एक टक्क्याचे हायड्रोकॉर्टिसोन मलम सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत, फोड येण्याआधी, सौम्य पुरळावर थोडा गुण देते. मोठ्या फोडांवर त्याचा काही उपयोग होत नाही, म्हणून ट्यूबमागून ट्यूब संपवू नका.

सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्यांकडून अपेक्षा ठेवू नका. पित्त उठल्यावर खाज येते ती हिस्टमिन या शरीरातल्या रसायनाने. इथली खाज वेगळ्या वाटेने येते, म्हणून त्या गोळीने ती थांबत नाही. झोप आणणारी डायफेनहायड्रामिनची गोळी रात्री झोप लागावी म्हणून काही जण घेतात. ती घेऊन गाडी चालवू नये, आणि साठीपुढच्या माणसांना ती विचारल्याशिवाय देऊ नये. त्यांना गोंधळल्यासारखे होते, लघवी अडते, रात्री उठताना तोल जातो.

काही गोष्टी अंगाला लावू नका. डायफेनहायड्रामिनचे मलम, बेन्झोकेनसारखे बधिर करणारे स्प्रे आणि निओमायसिन असलेली अँटिबायोटिक मलमे यांची स्वतःचीच ॲलर्जी होते आणि एका पुरळावर दुसरे चढते. ब्लीच तर अजिबात नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास कातडी भाजते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. फुटलेल्या फोडांवर हळदीचा किंवा कडुलिंबाच्या पाल्याचा लेप देऊ नका. तो वाळून चिकटतो, काढताना कातडी सोलली जाते, आणि खाली पू होतो आहे का हेही दिसत नाही. कढत पाण्याखाली धरल्याने खाज घटकाभर थांबते आणि मग पुन्हा वाढू शकते.

फोड फोडू नका. नखे कापून टाका. लहान मुलांच्या हातांत रात्री सुती मोजे घाला.

डॉक्टरकडे केव्हा

श्वास लागणे, गिळायला त्रास, घसा किंवा जीभ सुजणे, किंवा जळत्या वेलीचा धूर छातीत गेला असणे: यांपैकी काहीही असेल तर थेट ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन. मुलाने पान चावले तर अमेरिकेत पॉयझन कंट्रोलचा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.

चेहरा, डोळे, ओठ किंवा गुप्तांगावर पुरळ. अंगाच्या चौथ्या भागापेक्षा जास्त जागेवर पुरळ. पू, वाढती लाली किंवा १०० फॅरनहाइटच्या वर ताप. खाजेने झोपच न लागणे. तीन आठवड्यांनी बरे न होणे: यांसाठी नेहमीचा डॉक्टर किंवा अर्जंट केअर (आधी वेळ न ठरवता जाता येणारा दवाखाना) पुरेसे असते. भारतातून आलेल्या आई-वडिलांचा प्रवासी विमा असेल तर जाण्यापूर्वी त्या विम्याच्या यादीतले अर्जंट केअर बघा. अशा कामासाठी इमर्जन्सी रूमचे बिल कित्येक पटींनी जास्त येते.

तीव्र पुरळाला डॉक्टर सहसा तोंडाने घेण्याचे स्टिरॉइड, म्हणजे प्रेडनिसोन, देतात. ते दोन ते तीन आठवडे, मात्रा हळूहळू उतरवत घ्यायचे असते. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून बंद केले तर पुरळ उसळून परत येते. सहा दिवसांचे मिथाइलप्रेडनिसोलोनचे तयार पाकीट मिळाले तर ‘हे एवढ्या दिवसांत पुरेल का’ असे डॉक्टरांना विचारा. या आजाराला ते अनेकदा अपुरे पडते. आणि एक गोष्ट आवर्जून, न विचारता सांगायची: मधुमेह, रक्तदाब, काचबिंदू किंवा पोटातला अल्सर असेल तर तो. प्रेडनिसोनने रक्तातली साखर बरीच वाढते, त्यामुळे मधुमेह असलेल्या आई-वडिलांची साखर त्या काळात घरी रोज तपासावी लागते. क्लोबेटासॉलसारखी तीव्र स्टिरॉइड मलमे भारतातून आणलेल्या औषधांच्या डब्यात असतात. ती चेहऱ्यावर, जांघेत किंवा मुलांना स्वतःच्या मनाने लावू नका.

अंगणातून काढायची असेल तर

पहिला आणि मोडू नये असा नियम: जाळू नका. वाळलेली असली तरी नाही, पानांच्या ढिगात मिसळलेली असली तरी नाही. धुराबरोबर तेलाचे कण नाकात, घशात, फुप्फुसांत जातात आणि तिथे सूज येते. त्या धुराने शेजाऱ्यांचेही नुकसान होते.

लॉनमोअर किंवा दोरीचा ट्रिमरही चालवू नका. चिंधड्या उडतात आणि चीक पायांवर, तोंडावर शिंपडला जातो.

लहान रोपे हाताने निघतात. पावसानंतर, माती मऊ असताना काम करा. लांब बाह्या, जाड पँट, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, बूट. हातात जाड व्हायनिलचे मोजे. पातळ लॅटेक्सचे मोजे चालत नाहीत, त्यांतून हे तेल आरपार जाते. रोप बुडाशी धरून मुळासकट सहा-आठ इंच खणून काढा, आडवी धावणारी मुळेही ओढून काढा. मुळाचा तुकडा राहिला की त्यातून नवे रोप उगवते, आणि ‘उपटली तरी परत येते’ या तक्रारीचे कारण हेच असते. सगळे जाड काळ्या पिशवीत भरा, तोंड बांधा आणि गावाच्या नियमांप्रमाणे कचऱ्यात द्या. कंपोस्टमध्ये नको, पानांच्या कागदी पिशव्यांतही नको, कारण त्या कोणीतरी उघड्या हाताने उचलतो.

झाडावर चढलेली जाड वेल ओढून पाडू नका, ती डोक्यावर येते. जमिनीपासून फूटभर आणि छातीएवढ्या उंचीवर, अशा दोन जागी करवतीने कापा आणि मधला तुकडा काढून पिशवीत टाका. जमिनीतल्या खुंटावर, कापल्याबरोबर काही मिनिटांतच, ग्लायफोसेट किंवा ट्रायक्लोपिर असलेले तणनाशक ब्रशने लावा. उशीर केला तर कापलेले तोंड मिटते आणि औषध मुळापर्यंत जात नाही. वरचा भाग झाडावरच वाळू द्या. तो काही वर्षांत गळून पडेल, पण पडलेल्या काड्याही मोज्यांनीच उचलायच्या.

पसरलेल्या झुडपावर पाने पूर्ण हिरवी असताना, वारा नसलेल्या कोरड्या दिवशी फवारणी करा. प्रमाण बाटलीवरच्या लेबलप्रमाणेच घ्या, जास्त नाही. ग्लायफोसेट ज्या हिरव्या पानावर पडेल ते मारते, मग ते गुलाबाचे असो की टोमॅटोचे. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात २००९ पासून अंगणातल्या तणनाशकांवर बंदी आहे, पण स्पर्शाने बाधणाऱ्या वनस्पतींसाठी त्यात सूट आहे. तिथे दुकानदाराला पॉयझन आयव्हीसाठीच औषध हवे असे स्पष्ट सांगा. ज्यांना पूर्वी तीव्र पुरळ येऊन गेले आहे, त्यांनी हे काम स्वतः करूच नये. पैसे देऊन माणूस बोलवावा, आणि लॉन कापणाऱ्याला न सांगता हे काम त्याच्या गळ्यात घालू नये.

एका हंगामात काम संपत नाही. पुढची दोन-तीन वर्षे मे महिन्याच्या सुरुवातीला कुंपणाच्या कडेने फिरा आणि तांबूस, चकचकीत तीन पानांचे फुटवे शोधा. बोटभर असताना ते एका हिसक्यात निघतात, जुलैपर्यंत थांबलात तर फावडे लागते.